वहीतला एकशे विसावा पक्षी

१ जानेवारीला वही कोरी असते. त्या दिवशी दिसलेला पहिला कावळा नवा, पहिली साळुंकीही नवी. ३१ डिसेंबरपर्यंत पक्ष्याची जी जी जात दिसेल ती एकदाच लिहायची, पुढे तारीख आणि जागा टाकायची. वर्ष संपले की आकडा मोजायचा. पक्षिनिरीक्षक याला वर्षयादी म्हणतात. आमच्या घरी ही वही दोन वर्षांपासून आहे आणि ती सांभाळण्याचे काम सातवीतल्या लेकीकडे आहे. नियम एकच : कुटुंबातल्या दोघांनी तरी नीट पाहिल्याशिवाय पक्षी वहीत चढत नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी वहीत १०५ जाती होत्या. लेकीने १२० चे लक्ष्य धरले होते. एका दिवसात पंधरा नव्या जाती मिळतील अशी आमच्या आवाक्यातली जागा एकच, भिगवण.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण शंभर किलोमीटर. भीमा नदीवर उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी इंदापूर तालुक्यातल्या या गावांपर्यंत मागे पसरले. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असते. हिवाळ्यात पाणी उतरू लागते तसा गाळाचा काठ उघडा पडतो. त्या उथळ चिखलात किडे, शंख-शिंपले, शेवाळ असा खाऊ भरपूर असतो. पाहुणे पक्षी त्यासाठी येतात. फजरनंतर लगेच घर सोडले म्हणून आठच्या सुमारास आम्ही कुंभारगावच्या काठावर पोहोचलो. दादी शालीत गुंडाळून नावेत बसल्या. धाकट्याच्या हातात दुर्बीण होती, ती उलटी धरून तो आधी सगळ्यांची नाके पाहून घेत होता.

इथले नाववाले मूळचे मच्छीमार. पक्षी बुजू नयेत म्हणून नाव कुठून आणि किती हळू न्यायची हे त्यांना बरोबर ठाऊक असते. पहिला नवा पक्षी त्यांनीच दाखवला : चक्रवाक, भगव्या-बदामी रंगाचा, जोडीने बसलेला. मग थापट्या बदक. त्याची चोच फावड्यासारखी रुंद असते, ती पाण्यावर फिरवत तो खाणे गाळून घेतो. त्याच्याच शेजारी लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक. चमचा, मोरशराटी, नदी सुरय, काळ्या शेपटीचा मालगुजा, लव्हाळ्याच्या कडेला निळ्या गळ्याचा शंकर. पाण्यातल्या खुंटावर मासा पायात दाबून बसलेला कैकर. वारकरी पक्ष्यांचे थवे तर पाण्यावर काळी चादर अंथरल्यासारखे होते, पण वारकरी वहीत जानेवारीतच येऊन गेलेला.

पट्टकदंबांचा थवा आला तेव्हा नावेत कोणी बोलेना. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया, तिबेटच्या बाजूला अंडी घालतो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो. शास्त्रज्ञांनी बसवलेल्या यंत्रांनी त्याची उंची सात हजार मीटरहून जास्त मोजली आहे. दादींनी एवढेच विचारले, “आणि परत जायचा रस्ता यांना कोण सांगतं?” धाकटा म्हणाला, “त्यांची दादी.” तो फारसा चुकला नव्हता. हंसांची पिल्ले पहिला प्रवास मोठ्यांच्या सोबतीनेच करतात.

रोहित पक्षी दूर होते, चाळीसेक. मान खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळत होते. हा दिवसाचा अकरावा नवा पक्षी.

दुपारी कुंभारगावात आधी सांगून ठेवलेले जेवण होते, तळलेली चिलापी आणि भाकरी. जोहर उरकून आम्ही कडबनवाडीच्या गवताळ माळाकडे निघालो. वाटेत तारेवर नीलपंख दिसला. तो वहीत आधीपासून होता, तरी गाडी थांबली. त्याने पंख उघडले की निळा रंग पाहायला कोणाचीच ना नसते.

माळाला लोक पडीक जमीन समजतात. पण चिंकारा, लांडगा आणि जमिनीवरच घरटे करणारे कितीतरी पक्षी याच माळावर जगतात. तासाभरात डोंबारी, पखुर्डी आणि धाविक मिळाले. धाविक मातीच्या रंगाचा. तो धावून थांबला की दिसेनासा होतो, पुन्हा धावला की दिसतो. चौदा झाले. वहीत ११९.

सूर्य कलला तेव्हा एक भोवत्या गवतावरून अगदी खालून तरंगत गेला. तपकिरी अंग, शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. म्हणजे मादी किंवा कोवळा पक्षी. माळावर हिवाळ्यात माँटेग्यूचा भोवत्या येतो आणि पांढुरका भोवत्याही येतो. नर सहज ओळखता येतात, पण माद्यांमध्ये फरक इतका बारीक की चेहऱ्यावरची आणि मानेभोवतीची खूण जवळून दिसावी लागते. आमच्याकडे मिनिटभराचा वेळ होता आणि ऊन डोळ्यांवर.

“दोन्हींपैकी कुठला तरी एक आहेच ना?” धाकटा म्हणाला. “एक लिहून टाक. एकशे वीस होतील.” दोन्ही जाती वहीत नव्हत्या, त्यामुळे हिशोब त्याचा खरा होता. लेकीने पेन उघडले, थोडा वेळ तसेच धरले आणि लिहिले : ‘भोवत्या, मादी, जात नक्की नाही.’ आकडा घातला नाही.

असल्या ओळीला किंमत काय, हे सलीम अलींच्या चरित्रात सापडते. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मलेल्या या पोरक्या मुलाला मामांनी वाढवले. लहानपणी त्यांनी चिमणीच्या एका घरट्याजवळ जे पाहिले ते जसेच्या तसे टिपून ठेवले. ते पोरसवदा टिपण कित्येक दशकांनी पक्षिनिरीक्षकांच्या नियतकालिकात छापले गेले. जे पाहिले तेच लिहिले होते, म्हणून ते टिकले.

आज अशा नोंदींवर मोठी कामे उभी आहेत. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळाचा कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. तारेवरचा आमचा नीलपंखही घटणाऱ्यांत आहे. त्याची धोक्याची पातळी नव्याने तपासावी, असे हा अहवाल सांगतो. एका घराने आकड्याच्या हौसेने पक्षी वाढवून लिहिला तर काय बिघडते, असे वाटेल. पण तीस हजार घरांनी तसे केले तर कोणता पक्षी संपत चालला आहे हे कळणारच नाही. नोंद ही एक प्रकारची साक्षच आहे.

तुम्हाला जायचे असेल तर डिसेंबर ते मार्च हे महिने बरे. सकाळी लवकर पोहोचा. भडक कपडे टाळा, टोपी आणि पाणी घ्या. रोहितांचा थवा उडवून दाखवा, असा हट्ट नाववाल्यांकडे धरू नका. उडण्यात त्यांचे बळ वाया जाते. माळावर वनखात्याच्या परवानगीनेच जा, ठरल्या वाटेवरच राहा. आठ पटींची एक साधी दुर्बीण अख्ख्या कुटुंबाला पुरते. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ जवळ असू द्या.

भिगवण लांब असेल तर गच्ची आहे, खिडकी आहे, गावचा तलाव आहे. यादी बाराच पक्ष्यांची झाली तरी चालेल. बाराही नीट पाहिलेले असावेत.