माहिती चौकट: नान वगळला, ६२१ राहिले

अजिनोमोटो म्हणजे काय? हे जपानी कंपनीचे नाव. पदार्थ मोनोसोडियम ग्लुटामेट, लेबलवर ‘आयएनएस ६२१’. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट हा चवीचा घटक ओळखला.

• छत्रपती संभाजीनगरात नान-खलियातला नान सोडला, की कर्बोदके घटतात. तयार सूप, सॉस, मसाल्याच्या पाकिटांत मात्र ६२१ असू शकते. जोडीला ६२७, ६३१, ६३५ हे चव वाढवणारे घटकही.

• अजिनोमोटोचा त्रास ही अ‍ॅलर्जी नव्हे. काहींना डोकेदुखी, चेहरा लाल होणे असा तात्पुरता त्रास होतो. तोही मुख्यतः उपाशीपोटी ३ ग्रॅम किंवा अधिक घेतल्यास. एका वाढणीत सहसा अर्ध्या ग्रॅमहून कमी असते.

• फसगत इथे होते: कर्बोदके घटवल्यावर सुरुवातीच्या दिवसांत शरीरातून पाणी आणि सोडियम जाते. डोके त्यानेही दुखते.

• टोमॅटो, चीज यांतही ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असते.