मालात पाणी कमी, भिंतीवर पाणी जास्त

पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर घरकुलांची बोलणी सुरू होतात. कुणाचे नाव यादीत आले, कुणाचा पहिला हप्ता खात्यावर जमा झाला, कुणाची जागा मोजून झाली. आमच्या कार्यकर्त्यांना अशा वेळी दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. पैसे पुरतील का? गवंडी कोणता घ्यावा? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: बांधकामाला पाणी कुठून आणायचे, ते कोण आणणार आणि किती दिवस? आमच्या भागात घर टिकेल की नाही, हे बरेचसे याच प्रश्नावर ठरते. म्हणून या अंकात तेवढाच विषय घेतला आहे.

मी अभियंता नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका घेऊन या कामात आलो आणि बांधकामातले जे कळते ते गवंडी, बिगारी यांच्याशेजारी उभे राहून शिकलो. पुढे दिलेली मापे मात्र मनाची नाहीत. ती सरकारी बांधकामात पाळली जातात तीच आहेत.

आधी पैशाचा आणि आकाराचा हिशेब

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) आराखड्यात सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपये धरले आहेत. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन योजनेत २ लाख रुपये धरले आहेत. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे हवे, आणि त्यात स्वयंपाकाची जागाही आली. पैसे हप्त्याहप्त्याने येतात आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो घेतले जातात. आवास योजनेचे घर ठेकेदाराने नव्हे, तर लाभार्थ्याने स्वतः बांधून घ्यायचे असते. तेव्हा कुणी “पासबुक माझ्याकडे द्या, सगळे मी बघतो” असे म्हणाले तर पासबुक घरातच ठेवा.

लिंटेलपर्यंत येऊन थांबलेली घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पहिल्या हप्त्याच्या आनंदात पाया मोठा घेतला जातो आणि पुढचे हप्ते छपरापर्यंत पोहोचत नाहीत. आधी तेवढेच २६९ फुटांचे घर छपरासकट पुरे करा. पुढे वाढवायचे मनात असेल तर त्या बाजूच्या भिंतीत गवंड्याला दाते सोडायला सांगा. चार वर्षांनी नवी भिंत त्यात अडकवता येते.

गवंड्याला पैसे कामाच्या टप्प्याने द्या: जोते, लिंटेल, छप्पर, गिलावा. शेवटची काही रक्कम भिंतींवर पाणी मारण्याचे दिवस पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा.

पाणी असते तेव्हा माणसे नसतात

बांधकामाला उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. विहिरींना पाणी असते, ऊन कोवळे असते, भात झोडून झालेले असते. पण नेमके याच काळात आपले पाडे रिकामे होतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. वारली, कोकणा, ठाकर घरांतली माणसे वसई-विरार, भिवंडी, नाशिककडे बांधकामावर जातात. ती परततात होळीला. तोवर विहिरीचा तळ दिसू लागतो आणि एप्रिल-मेमध्ये बऱ्याच पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत घर बांधायला काढले की भिंतीवर मारायचे पाणी घरातली बाई डोक्यावरून आणते. पिण्याचा हंडा आधी की भिंतीचा, असा प्रश्न आला तर भिंत मागे राहणारच, आणि त्यात त्या बाईचा काही दोष नाही.

म्हणून घरकुल मंजूर झालेल्या घरांना माझे पहिले सांगणे असते की या वर्षी उचल घेण्याआधी घरात बसून बोला. निदान एक मोठे माणूस मागे राहील असे पाहा. पाया आणि जोते नाताळापर्यंत, भिंती जानेवारीत, गिलावा फेब्रुवारीत, असा बेत धरा. शिवाय दुसऱ्यांच्या इमारतींवर माल कालवून आलेला माणूस आपल्या घरातच असतो. त्याचे हात स्वतःच्या घराला लागले तर मजुरी वाचते आणि कामावर लक्षही राहते.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही

कुडाच्या भिंतीला शेणमातीचा लेप दिला की तो वाळतो आणि घट्ट होतो. सिमेंटचेही तसेच असावे, असे आपल्याला वाटते. भिंत पांढरी पडली की लोक म्हणतात, वाळली, पक्की झाली. प्रत्यक्षात सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते आणि ही क्रिया अनेक दिवस चालते. पहिल्या सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, बाकीची २८ दिवसांपर्यंत येत राहते. मध्येच भिंत कोरडी पडली तर क्रिया तिथेच थांबते. अशा भिंतीवर खिळा ओढला की भुकटी पडते.

याच कारणाने पाण्याचे दोन उलटे नियम आहेत. माल कालवताना पाणी मोजून, कमी. माल बसल्यावर मात्र दहा-चौदा दिवस भरपूर.

मालात पाणी कमी

सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला घट्ट होण्यासाठी जेमतेम १२ लिटर पाणी लागते. काँक्रीट हाताळता यावे म्हणून आपण साधारण २५ लिटर घालतो, म्हणजे दहा लिटरच्या अडीच बादल्या. बिगाऱ्याला पातळ माल ओढायला सोपा जातो, म्हणून चार बादल्या ओतल्या जातात. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. तीच पावसात पाणी पितात आणि आतली सळई गंजवतात. काँक्रीटचा गोळा मुठीत दाबून पाहा. गोळा टिकला आणि बोटांतून पाणी गळले नाही तर प्रमाण ठीक आहे. वाळू ओली असेल तर पाणी आणखी कमी करा.

प्रमाण घमेल्याने मोजा, फावड्याने नको. लिंटेल, पट्टी, खांब यांच्या काँक्रीटला एक घमेले सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. वीटकामाला एकास सहा, बाहेरच्या गिलाव्याला एकास चार. माल उघड्या मातीवर न कालवता पत्र्यावर कालवा. माती मिसळत नाही आणि सिमेंटचे पाणी जमिनीत जिरत नाही. एका वेळी तासाभरात संपेल एवढाच माल करा. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेला माल पाणी मारून पुन्हा कालवू देऊ नका.

वाळूची परीक्षा घरी होते. काचेच्या पारदर्शक बाटलीत तीन इंच वाळू घाला, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळूवर बसलेला गाळ पाव इंचापेक्षा जास्त असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका.

भिंतीवर पाणी जास्त

भारतीय मानक संहितेप्रमाणे काँक्रीट साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस सतत ओले ठेवावे लागते. कोरड्या उन्हाळी हवेत दहा दिवसांपेक्षा कमी चालत नाही, आणि मिश्र सिमेंटला चौदा दिवसांची शिफारस आहे. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक गोण्या पीपीसीच्या, म्हणजे मिश्र सिमेंटच्या असतात. तेव्हा जोते, लिंटेल, पट्टी यांना चौदा दिवस धरून चाला. वीटकाम आणि गिलावा यांना किमान सात दिवस द्या.

यातला महत्त्वाचा शब्द आहे ‘सतत’. सकाळी पाच हंडे फेकले आणि दुपारी भिंत तापून कोरडी झाली, तर ते पाणी बहुतेक वायाच गेले.

थोड्या पाण्यात भागवायचे कसे

जिथे पाणी थोडे तिथे ते फेकण्यापेक्षा धरून ठेवणे महत्त्वाचे. आमच्या पाड्यांवर पुढील गोष्टी सहज करता येतात.

१. लिंटेल आणि पट्टीवर ओले गोणपाट किंवा भाताचा पेंढा पसरा आणि वरून प्लॅस्टिकचा कागद दगडांनी दाबून ठेवा. ओल लवकर उडत नाही.

२. भिंतीच्या माथ्यावर गोणपाट टाकून त्याची टोके दोन्ही बाजूंना लोंबत सोडा. पाणी माथ्यावर हळूहळू ओता, ते गोणपाटातून झिरपत खाली येते.

३. जोत्यावरचा कोबा झाला की कडेने मातीचे बांध घालून आळे करा आणि त्यात बोटभर पाणी साठवा.

४. विटा लावण्याआधी पिंपात भिजवा, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी वीट मालातले पाणी शोषते आणि सांधा पोकळ राहतो. विटा काढल्यावर उरलेले पाणी भिंतीवर मारा. सिमेंटचे ठोकळे वापरत असाल तर ते भिजवू नका, नुसते ओलसर करा.

५. पश्चिमेची भिंत दुपारी सर्वांत जास्त तापते. पाणी अपुरे असेल तर आधी तिला द्या.

६. काम सुरू होण्यापूर्वी २०० लिटरची दोन पिंपे बांधकामाजवळ भरून ठेवा. एक पिंप म्हणजे डोक्यावरचे पंधरा-सोळा हंडे होतात. ते कोण, कधी भरणार हे घरातल्या पुरुषांसमोरच ठरवा. शक्य असेल तिथे बैलगाडी किंवा टेम्पोने एका खेपेत पाणी आणा आणि त्याचा खर्च सिमेंट-वाळूच्या यादीतच लिहा. ओढ्याचे स्वच्छ पाणी चालते. खारे किंवा साबणाचे पाणी नको.

मग पावसाचे पाणी

जूनमध्ये पाणी स्वतःहून येते आणि घराची खरी परीक्षा घेते. खडकावरच्या आणि वाळूवरच्या घरांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या डोंगरउतारावर त्याचा अर्थ अगदी रोकडा आहे. उतार कापून जागा सपाट केली की अर्धी जागा मूळ जमिनीची आणि अर्धी भरावाची होते. पाया भरावावर टेकला तर पहिल्या-दुसऱ्या पावसात तेवढी बाजू खचते आणि कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. सगळीकडे कठीण मुरूम लागेपर्यंत खणा, मग एका बाजूला दोन फूट जास्त खणावे लागले तरी चालेल. घराच्या वरच्या अंगाला चर काढून डोंगराचे पाणी बाजूने वळवा. जोते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा.

छपराच्या पत्र्याला खिळे किंवा स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही, आणि प्रत्येकाखाली वॉशर हवा. पत्र्यावर पत्रा किमान सहा इंच चढवा. पत्रे भिंतीबाहेर दोन फूट येऊ द्या, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील.

डहाणू-तलासरीच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. तिथे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवत आले आहेत. जोत्यावर, लिंटेलच्या पातळीवर आणि छपराखाली तीन इंच जाडीची, दोन सळयांची काँक्रीटची पट्टी सगळ्या भिंतींवरून सलग फिरवा. कोपऱ्यात सळया तोडू नका, वळवून पुढच्या भिंतीत न्या. खर्च थोडा वाढतो, पण धक्का बसल्यावर चारही भिंती एकमेकींना धरून राहतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे

घरकुलाच्या पाड्यावर गेलात की फोटो काढण्यापूर्वी भिंतीला हात लावून पाहा. ओली आहे का? लिंटेल कोणत्या तारखेला ओतले, ते कोळशाने भिंतीवर लिहून ठेवायला सांगा, म्हणजे चौदा दिवस मोजता येतील. गवंड्याशी बोलताना घरातल्या बाईलाही सोबत घ्या, कारण पाण्याचा हिशेब तिलाच माहीत असतो. तरुण मंडळांनी आणि महिला मंडळांनी दोन पिंपे, वीस-पंचवीस गोणपाटे, एक ओळंबा आणि लेव्हलचा पाइप घेऊन ठेवला, तर एका हंगामात तेच सामान एका घरातून दुसऱ्या घरात फिरेल.

दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडणाऱ्या माणसाला स्वतःच्या विटांचे घर बहुधा एकदाच बांधायला मिळते. त्या घराच्या भिंती पहिले चौदा दिवस ओल्या राहिल्या पाहिजेत. एवढे सांभाळायला पैसे फार लागत नाहीत. बेत आधी करावा लागतो आणि हंडा उचलायला घरातल्या सगळ्यांचे हात लागतात.