रुप्याचे रूप

दिवाळी आठ दिवसांवर आली, की घराघरांतून दोन आवाज हमखास ऐकू येऊ लागतात. एक माळ्यावरचे डबे खाली उतरवल्याचा आणि दुसरा भांडी घासल्याचा. पितळेच्या समया झाल्या, तांब्याचे घंगाळ झाले, म्हणजे सर्वांत शेवटी कपाटाच्या आतल्या कप्प्यातून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली ती पुरचुंडी बाहेर येते. ताम्हन, निरांजन, अत्तरदाणी, गुलाबदाणी, कोणाच्या तरी बारशात आलेले वाटी-बोंडले आणि लक्ष्मीपूजनाचे चार-सहा रुपये. गाठ सुटते आणि घरातली वडीलधारी बाई सुस्कारा टाकते, "काळं पडलं की गं सगळं!"

मग सुरू होतो उपायांचा मारा. चुलीची राख म्हणजे रामबाण, असे सासूबाईंचे मत. सूनबाईंचा भरवसा दंतमंजनावर. शेजारच्या काकू चिंच सुचवतात, तर मोलकरीण कोणाला न विचारता रांगोळीची चिमूट घेऊन कामाला लागलेलीही असते. तासाभरात चांदी लखलखते आणि सारी मंडळी समाधान पावतात. हे समाधान किती महागात पडते, हे कळायला आमच्या घराला तब्बल तीन पिढ्या लागल्या. म्हणूनच हा लेख.

आमच्या देवघरात कुलदैवतांचे दोन टाक आहेत, एक तुळजाभवानीचा आणि एक खंडोबाचा. टाक म्हणजे ठशावर उठवलेला चांदीचा पातळ पत्रा, हे वाचकांना सांगायला नकोच. १९४८ साली रझाकारांच्या धामधुमीत आमची आजी अंबड तालुक्यातले राहते घर सोडून निघाली, तेव्हा दागिने जमिनीत पुरले गेले, धान्य बळदात राहिले. पण हे दोन टाक तिने लुगड्याच्या ओच्यात बांधून घेतले. मोगलाईची हद्द ओलांडून ती वऱ्हाडात देऊळगाव राजाला पोहोचली आणि सप्टेंबरात पोलीस कारवाई झाल्यावर माघारी आली. दागिने मिळाले नाहीत, टाक तेवढे राहिले. दरवर्षी नवरात्रात आणि दिवाळीत ही हकीकत सांगत सांगत आजी ते टाक राखेने घाशी. तिच्यानंतर आई घासू लागली, आणि हकीकतही तीच सांगू लागली.

गेल्या दिवाळीत मी चष्मा लावून खंडोबाचा टाक हाती घेतला. घोडा दिसत होता, पण स्वाराचे तोंड सपाट झाले होते. भवानीच्या आठ हातांपैकी तीन मोजता आले. मला वाटले, बरीच वर्षे साचलेला मळ असेल. जालन्याच्या सराफ्यात एका वृद्ध सोनाराकडे गेलो. त्यांनी टाक उजेडात तिरपा धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "सर, हा मळ नाही. चेहराच गेलाय. घासून घासून गेलाय."

जे रझाकारांना नेता आले नाही, ते आमच्या चिमूटभर राखेने नेले होते!

आता थोडे शास्त्र पाहू. चांदी काळी पडते म्हणजे गंजते, असा आपला समज असतो. वास्तविक हवेतल्या प्राणवायूशी चांदीचे फारसे भांडण नाही. तिचे सूत जुळते ते गंधकाशी. हवेत अत्यल्प प्रमाणात गंधकयुक्त वायू असतात. दमट हवेत ते चांदीवर बसतात आणि 'सिल्व्हर सल्फाइड' नावाचा थर तयार होतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळा. अंडे, कांदा, लसूण, लोकर, रबर या साऱ्यांत गंधकाचा अंश असतो. चांदीच्या चमच्याने अंडे खाल्ले, की चमचा का काळवंडतो, याचे उत्तर हेच. आणि ज्या दिवाळीसाठी आपण चांदी उजळतो, त्या दिवाळीच्या फटाक्यांच्या दारूतही गंधक असतेच, बरे का!

याचा अर्थ असा, की तो काळा थर म्हणजे बाहेरून आलेली घाण नव्हे. त्यात आपलीच चांदी अडकलेली आहे. थर खरवडून काढला, की काळेपणाबरोबर तेवढी चांदीही मोरीत जाते. दरवर्षीची हानी नगण्य असेल, परंतु टाकासारख्या पातळ पत्र्याला आणि मुलाम्याच्या भांड्याला ती सोसत नाही. शिवाय घासण्याचा जोर नेमका उंचवट्यांवर पडतो. देवाचे नाक, भुवई, मुकुट हेच सर्वांत उंच, म्हणून तेच आधी जातात.

पदार्थांचा कठीणपणा मोजण्याची एक ते दहा अशी एक पट्टी शास्त्रज्ञ वापरतात. तिच्यावर चांदी अडीच ते तीनच्या दरम्यान येते, आपल्या दातांवरचे कवच पाचाच्या आसपास, आणि वाळूचा कण सात. राखेत वाळूसारखे कण असतात. रांगोळी ही तर दगडाचीच पूड. दंतमंजन आणि टूथपेस्ट दातांच्या कठीण कवचासाठी बनवलेली असते, मऊ चांदीसाठी नव्हे. भिंगातून पाहा, त्या लखलखाटाखाली हजारो बारीक ओरखडे दिसतील.

राहिली चिंच आणि लिंबू. तांब्या-पितळेवरचा मळ आंबटात विरघळतो, म्हणून पितांबरीचे दिवस येण्यापूर्वी चिंचेने देवाची भांडी सोन्यासारखी होत. पण चांदीचे गंधकाशी लागलेले लग्न आंबटाने मोडत नाही. तेथे चिंच चोळणारा हात थकतो, काळेपणा मात्र तसाच राहतो.

मग करावे काय? थर खरवडण्याऐवजी त्यातले गंधक काढून घ्यावे आणि चांदी जागच्या जागी ठेवावी. हे ऐकायला जादूसारखे वाटते, पण त्याला लागणारे साहित्य आपल्या स्वयंपाकघरातच आहे : जर्मनचे पातेले, खाण्याचा सोडा, मीठ आणि गरम पाणी.

आपण ज्याला 'जर्मन' म्हणतो, ते म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. गंधक सोडवून घेण्याच्या कामी ते चांदीचे दुबळे ऋण फेडणाऱ्या धनवान पाहुण्यासारखे आहे. सोड्याच्या गरम पाण्यात अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक पापुद्रा विरघळतो, मीठ पाण्यातून विद्युत्प्रवाह सुलभपणे वाहू देते, आणि चांदीचा स्पर्श होताच एक छोटासा विद्युत्घटच तयार होतो. अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजते आणि चांदीला गंधकापासून मोकळी करते.

कृती अशी. भांड्यावर तूप, तेल, कुंकू, उदबत्तीची काजळी असेल, तर आधी रिठ्याच्या कोमट पाण्याने किंवा सौम्य साबणाने धुवावे. चिकटपणा राहिला, तर सोड्याचे पाणी चांदीपर्यंत पोहोचतच नाही. मग जर्मनच्या जुन्या पातेल्यात एक लिटर उकळते पाणी घ्यावे आणि ते आचेवरून उतरवावे. पातेले काळ्या कठीण थराचे नको, साधेच हवे. तसे नसेल, तर स्टीलच्या पातेल्यात पोळ्या गुंडाळण्याचा अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरावा. पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि एक लहान चमचा मीठ घालावे. पाणी फसफसेल, म्हणून हळूहळू घालावे. मग चांदीची वस्तू अलगद आत सोडावी. ती अ‍ॅल्युमिनियमला टेकलीच पाहिजे. अधांतरी राहिली, तर काही होणार नाही.

दोन ते पाच मिनिटांत काळेपणा डोळ्यांदेखत विरतो. आमच्या घरी हा प्रयोग झाला, तेव्हा धाकटी कन्या पातेल्यावर वाकून पाहत होती. ती नाक दाबून ओरडली, "बाबा, नासक्या अंड्याचा वास!" तो वास म्हणजेच सुटून गेलेले गंधक. म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि पातेल्यावर तोंड धरू नये. थर जाड असेल, तर ताजे गरम पाणी घेऊन पुन्हा एकदा बुडवावे. नंतर वस्तू साध्या पाण्याने दोनदा धुऊन लगेच मऊ सुती फडक्याने कोरडी करावी. आमच्या भागात बोअरचे पाणी जड असते. त्याचे थेंब वाळले, की पांढरे डाग पडतात. शेवटचे खळबळणे पिण्याच्या पाण्याने करावे. ज्या पातेल्यात हे केले, त्यात पुन्हा स्वयंपाक करू नये.

या रीतीचा आणखी एक लाभ जालन्याच्या माणसाला लगेच सुचेल. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना एका लिटरात डझनभर वस्तू उजळतात, याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

सोड्यातून निघालेली चांदी कधी कधी थोडी पांढुरकी, निस्तेज दिसते. तिला झळाळी आणायला आमच्या मास्तरकीचे शस्त्र उपयोगी पडते, ते म्हणजे खडू. पांढरा खडू अगदी बारीक कुटून मलमलीतून दोनदा गाळावा, थेंबभर पाण्यात कालवून कापसाने हलक्या हाताने फिरवावा आणि पुसून टाकावा. खडू राखेपेक्षा पुष्कळ मऊ असतो. तरीही हा उपाय वर्षातून एखाद्या वेळीच करावा, आणि टाकांच्या चेहऱ्यावर तर नकोच.

आता काही पथ्ये. मोती, पोवळी, खडे बसवलेले दागिने या पाण्यात टाकू नयेत. लाख भरलेले पोकळ दागिनेही नकोत, कारण गरम पाण्याने लाख मऊ होते. नक्षीच्या खोबणीत मुद्दाम ठेवलेली काळी छटा असेल, तर तीही पुसली जाईल. जुन्या निजामी मुलखातल्या घरांतून बिदरी कामाची पानदाने, सुरया अजून सापडतात. त्यांचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदी जडवून, बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून तो रंग मुद्दाम आणलेला असतो. ती काळी भूमी आहे, म्हणून चांदीची वेल दिसते. हे ज्ञान होण्यापूर्वी मी स्वतः एक बिदरी डबी घासून तिचा करडा पत्रा करून ठेवला आहे. वाचकांनी तो पराक्रम करू नये.

लक्ष्मीपूजनाच्या रुपयांचीही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मराठवाड्यातल्या पुरचुंडीत 'कलदार' आणि 'हाली' असे दोन्ही रुपये निघतात. व्हिक्टोरिया राणीचा कलदार एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. चारमिनारचे चित्र असलेला निजामाचा हाली त्याहून हलका, आणि त्यात चांदी सुमारे ८२ टक्के. सात हालींना सहा कलदार असा हिशेब असे. १९४० नंतरच्या कलदारात चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ साली तर निकेलचे रुपये निघाले. नाण्यांच्या संग्राहकाला जुनी काळसर छटा मोलाची वाटते. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. पूजेपुरते कोमट पाण्याने धुऊन पुसले, की पुरे. लक्ष्मीला नाण्यावरचा काळिमा खपतो, अशी माझी समजूत आहे.

उजळलेली चांदी ठेवायची कशी? वर्तमानपत्रात नको, रबर लावून नको, लोकरीच्या कपड्यांत नको. धुतलेल्या सुती फडक्यात प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळावी, हवाबंद पिशवीत घालावी आणि दमटपणा शोषायला सोबत खडूचा एखादा तुकडा ठेवावा. ताम्हनात मिठाचा नैवेद्य रात्रभर राहू देऊ नये. मिठाने चांदीला खड्डे पडतात. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे चांदी वापरावी. रोज हाताळलेले, रोज धुतलेले फुलपात्र कपाटात कोंडलेल्या फुलपात्राइतके लवकर काळवंडत नाही.

शेवटी टाकांचे काय झाले, हे सांगितले पाहिजे. सोनाराने नवे टाक पाडून देण्याची तयारी दाखवली. जुनी चांदी आटवून त्याच चांदीत. रीतीला धरूनच होते ते. मी घरी येऊन आईला सांगितले. ती बराच वेळ टाक हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "काहून रे? चेहरा आम्हीच घालवला, अन् देवालाच भट्टीत घालायचं? मी आहे तोवर हेच राहू दे. नंतर तुम्ही ठरवा."

तेव्हापासून ते टाक देवघरात तसेच आहेत. त्यांना आता राख लागत नाही. वर्षातून एकदा सोड्याच्या पाण्यात क्षणभर बुडी, मग मऊ फडके. पुसण्याचे काम कन्येकडे आले आहे, आणि पुसताना ती आजीकडून देऊळगाव राजाची हकीकत ऐकते. चेहरा परत येणार नाही, हे तिला ठाऊक आहे. पण उरलेला घोडा आणि भवानीचे तीन हात तिच्या नातवंडांना दिसावेत, एवढी काळजी आपल्या हातात आहे.

यंदा पुरचुंडी सोडाल, तेव्हा राखेकडे हात जाण्यापूर्वी एक लिटर पाणी उकळायला ठेवा. दिवाळी आपणां सर्वांना सुखाची जावो!