तिच्या नावाचा किनारा

बायकोच्या वाढदिवसाला काय द्यायचं? परफ्यूम, डिनर, फार तर महाबळेश्वरचा वीकएंड. ड्युमाँ द्युरव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीने मात्र बायकोच्या नावे चक्क एक किनारा केला. तोही अंटार्क्टिकाचा!

जानेवारी १८४०. बर्फापलीकडे जमीन दिसली. त्याची माणसं किनाऱ्याजवळच्या खडकाळ बेटावर उतरली, पुरावा म्हणून दगड फोडून घेतले आणि त्या भागाचं नाव पडलं ‘अदेली लँड’. आदेल ही त्याची बायको. तीन लांबलचक सफरींचा विरह तिने सोसला, त्याची ही कृतज्ञता, असं त्यानेच लिहून ठेवलंय. तिथल्या पेंग्विनलाही तिचंच नाव लागलं. तिने तो किनारा कधीच पाहिला नाही. १८४२ मध्ये व्हर्सायजवळच्या रेल्वे अपघातात ती, नवरा आणि मुलगा असे तिघंही गेले.

रोमँटिक आहे खरं, पण मला थोडं टोचतंही. नाव नकाशावर आणि बाई घरात! १९२९ मध्ये अमेरिकेच्या रिचर्ड बर्डनेही तेच केलं. त्याच्या बायकोच्या नावाचं झालं ‘मेरी बर्ड लँड’.

मग येते माझी फेव्हरिट, इन्ग्रिड क्रिस्टेन्सन. नॉर्वेचा व्हेल-शिकारीतला बडा उद्योजक लार्स क्रिस्टेन्सनची बायको, सहा मुलांची आई. १९३५ मध्ये लार्सचा कप्तान क्लारियस मिकेल्सन याने पूर्व अंटार्क्टिकातला एक किनारा शोधला आणि त्याला मालकिणीचं नाव दिलं. बॉसच्या बायकोचं नाव का, हे ऑफिसात बसणाऱ्या आपल्याला कुणी समजावायला नको!

पण इन्ग्रिड नुसतं नाव मिरवणारी नव्हती. १९३० च्या दशकात ती चार वेळा त्या समुद्रात गेली. १९३७ मध्ये विमानातून उडाली आणि किनाऱ्यावरही उतरली. मिकेल्सनची बायको कॅरोलिन १९३५ मध्येच उतरली होती, पण ती जागा बहुधा बेट होती. म्हणून मुख्य भूमीवरची पहिली बाई इन्ग्रिड, असं अभ्यासक मानतात.

त्याच मोहिमेत विमानातून किनाऱ्याचे तिरके फोटो काढले गेले. पूर्वी डेकवरून, धुक्यातून दिसेल तेवढाच किनारा कागदावर यायचा. आता नॉर्वेत टेबलाशी बसून नकाशाकार फोटोंवरून खाड्या-टेकड्या रेखू लागले. न पाहिलेल्या जागांची बारशीही त्यांनीच केली. ‘लाँगहोव्हदे’ म्हणजे सरळ ‘लांब टेकडी’! हे नकाशे छापून आले १९४६ मध्ये.

यात आपला काय संबंध? आहे ना! भारताचं ‘भारती’ हे संशोधन केंद्र २०१२ पासून याच इन्ग्रिड क्रिस्टेन्सन किनाऱ्यावर, लार्समन टेकड्यांत उभं आहे. त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्कोमधून. म्हणजे आपल्या शास्त्रज्ञांच्या तिथल्या पत्त्यात एका बाईचं नाव आहे, आणि ती बाई स्वतः तिकडे जाऊन आली होती.

तेव्हा मैत्रिणींनो, किनारा गिफ्ट देणारा नवरा मिळाला तर उत्तमच. फक्त तिकिटं दोन काढायला सांगा.