औताचे लाकूड : पारख, तोड आणि मुरवण

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वापसा आला की पेरणीसाठी शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. नेमक्या त्याच वेळी कुळवाचे दिंड मोडले, पाभरीचा फण सैल होऊन निसटला किंवा जुवाला तडा गेला, तर सुताराच्या दारी खेपा घालण्यात वापसा निघून जातो. असे झाले की आपण दैवाला किंवा सुताराला बोल लावतो. परंतु बहुतेक वेळा दोष लाकडाच्या निवडीत आणि ते नीट न वाळविण्यात असतो. औताचा टिकाऊपणा सुताराने वाकस उचलण्यापूर्वीच ठरलेला असतो.

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर तयार केला आणि पुढे लाकडी नांगर मागे पडत गेला. आता ट्रॅक्टरही गावोगाव पोहोचला आहे. तरीही लहान धारणेचा, उतारावरच्या जमिनीचा आणि बैलजोडीवर शेती करणारा शेतकरी कुळव, पाभर व कोळपी वापरतोच. आणि कुऱ्हाड, कुदळ व फावड्याचे दांडे तर प्रत्येक घरी लागतात. पूर्वी बलुत्याच्या पद्धतीत गावचा सुतार लाकडाची पारख स्वतः करी. ती पद्धत मोडल्यामुळे हे ज्ञान आता शेतकऱ्याने स्वतःजवळ बाळगणे अगत्याचे झाले आहे.

कोणते झाड निवडावे?

आपल्या कोरडवाहू भागात औतासाठी बाभळीसारखे दुसरे लाकूड सहसा मिळत नाही. ते जड, चिवट आणि हिसके सोसणारे असते. सागवान वाळवीला दाद देत नाही व वाळताना फारसे वाकत नाही, पण हिसका सोसण्यात ते बाभळीच्या मागे पडते. म्हणून दिंड, जानवळी, फण व गाडीचे आरे यांसाठी बाभूळ घ्यावी. जू मात्र बैलाच्या मानेवर दिवसभर राहावयाचे असते. त्यासाठी सागवान किंवा शिवणीसारखे वजनाने हलके लाकूड बरे. वेडी बाभूळ ही परदेशातून आलेली वेगळी जात आहे. तिचे लाकूड कठीण असले तरी लांब व सरळ तुकडा तिच्यात क्वचितच निघतो.

बाभळीचे झाड सुमारे १५ ते २० वर्षांचे असावे. कोवळ्या झाडात बाहेरचे फिकट लाकूड जास्त आणि आतला तांबूस गाभा कमी असतो. फिकट थरात पिठूळ अंश राहत असल्यामुळे घुण प्रथम तेथेच शिरतो. जेथे जोर यावयाचा आहे तो भाग नेहमी तांबूस गाभ्यातूनच काढावा.

रेषा वाचण्यास शिका

लाकडाची ताकद त्याच्या उभ्या रेषांत असते. उभ्या झाडाच्या सालीवरील भेगा पाहाव्यात. त्या दोरीच्या पिळाप्रमाणे खोडाभोवती फिरलेल्या असतील तर आतले लाकूडही पिळाचे असते व वाळताना ते मुरडते. खात्री करावयाची असल्यास तोडलेल्या फांदीचा हातभर तुकडा कुऱ्हाडीने फोडावा. फोड सरळ गेली तर रेषा सरळ आहे असे समजावे.

करवतीने कापताना रेषा तिरपी छेदली गेली, तर तुकडा दिसावयास जाड असूनही त्या तिरप्या रेषेवरच मोडतो. म्हणून दांडा किंवा फण शक्य तो फोडून काढलेल्या तुकड्यातून घडवावा. धनुष्य करणारे कारागीर बाहेरच्या बाजूची रेषा कोठेही तुटू देत नाहीत, कारण धनुष्य वाकले की तीच बाजू ताणली जाते. जुवाचेही तसेच आहे. दोन्ही टोकांना बैल पुढे रेटतात आणि मधोमध औत मागे ओढते. त्यामुळे मधल्या भागाची मागील बाजू ताणली जाते. त्या बाजूला गाठ किंवा तुटलेली रेषा असू नये. गाठ टाळता येतच नसेल, तर ती टोकाकडे जाईल असा तुकडा बेतावा.

तोड केव्हा व कशी करावी?

मार्गशीर्ष-पौषाचा काळ तोडीस उत्तम. थंडीत किडीचा उपद्रव कमी असतो आणि लाकूड सावकाश वाळते. चैत्र-वैशाखात तोडलेले लाकूड उष्ण वाऱ्याने वरून झपाट्याने वाळते, आत ओले राहते आणि त्यामुळे चिरते. महाराष्ट्रात झाडतोडीबाबत १९६४ चा कायदा आहे. तेव्हा झाड स्वतःच्या बांधावरचे असले तरी तोडण्यापूर्वी तलाठी किंवा वनखात्याचे कर्मचारी यांच्याकडे परवानगीची चौकशी अवश्य करावी.

मुरवण

लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आखडत नाही. रुंदीत मात्र आखडते. त्यातही वर्तुळांच्या दिशेने होणारे आखडणे भेंडापासून सालीकडे होणाऱ्या आखडण्याच्या सुमारे दुप्पट असते. अखंड ओंडका वाळविला की त्याला उभी चीर पडते ती याच कारणाने. म्हणून पुढील क्रम पाळावा :

१. तोडल्यावर लगेच साल काढावी. सालीखाली कीड आश्रय घेते.

२. ओंडका उभा फोडून किंवा चिरून त्याचे दोन अथवा चार भाग करावेत व मधले भेंड काढून टाकावे. आखडण्याचा विचार करून तुकडे हव्या त्या मापापेक्षा जाड ठेवावेत.

३. सोय असल्यास हे तुकडे चार-सहा आठवडे पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावेत. त्यामुळे पिठूळ अंश धुऊन जातो व घुणाचा उपद्रव घटतो. पाणी बाभळीच्या रसाने काळे होते, म्हणून ते पिण्याच्या किंवा गुरांच्या पाण्यापासून दूर असावे.

४. लाकडाची टोके बाजूंपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने वाळतात. टोकांना शेण-मातीचा जाड लेप किंवा डांबर लावल्यास तडे कमी पडतात.

५. सावलीत, हवा खेळेल अशा जागी, जमिनीपासून हातभर उंच दगडांवर तुकडे रचावेत. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत याव्यात. वर वजन ठेवावे म्हणजे तुकडे वाकत नाहीत. मातीचा स्पर्श होऊ देऊ नये, नाहीतर वाळवी चढते.

जाड तुकड्यांना निदान एक वर्ष द्यावे. लाकूड वाळले की नाही हे ओळखण्याची साधी युक्ती अशी : एक तुकडा दर पंधरा दिवसांनी तोलावा व वजन लिहून ठेवावे. लागोपाठ तीन-चार वेळा वजन तेच भरले की लाकूड मुरले असे समजावे.

घडण व निगा

खाचा, कुसे व भोके लाकूड पूर्ण मुरल्यावरच पाडावीत. ओल्या लाकडात घट्ट बसविलेला सांधा उन्हाळ्यात सैल पडतो. कुऱ्हाडीच्या ओल्या दांड्याचे तर याहून वाईट होते : तो आखडला की पाते निसटून माणसाच्या अंगावर येते. जुवाचा मानेवर येणारा भाग गोल व गुळगुळीत करावा. कड किंवा कुसळ राहिल्यास घर्षणाने बैलाला खांदेसूज होते आणि ऐन हंगामात जोडी बसून राहते. काम संपताच औते पुसून, जवस किंवा करंजाचे तेल चोळून, छपराखाली उंचावर ठेवावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

दर हिवाळ्यात गावात एक प्रात्यक्षिक घ्यावे. सरळ रेषेचा एक व तिरप्या रेषेचा एक, असे सारख्या जाडीचे दोन दांडे सर्वांसमोर मोडून दाखवावेत. दहा व्याख्यानांनी न पटणारी गोष्ट एका क्षणात पटेल. गावच्या सुतारालाही सोबत घ्यावे, कारण त्याचा अनुभव मोलाचा आहे.

एक बाभूळ तोडली की ओढ्याकाठी अथवा पडीक कोपऱ्यात निदान पाच लावाव्यात. शेळ्यांनी शेंगा खाऊन लेंडीतून टाकलेले बी चांगले उगवते. ते गोठ्यातून गोळा करून पावसाच्या आरंभी टोकावे. आज टोकलेले बी पुढच्या पिढीचे औत होईल, आणि या पौषात रचलेले लाकूड त्यापुढच्या मृगापर्यंत घडणीस तयार होईल. पेरणीची तयारी ही अशी दीड वर्ष आधी सुरू होते.