मालाच्या यादीची जावक आणि पोच

संगणकाद्वारे चालणाऱ्या व्यापारात विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ सहसा पडत नाही. ग्राहकापुढे येते ती केवळ मालाची यादी. वस्तूचे नाव, तिचे छायाचित्र, किंमत आणि शिल्लक एवढ्या माहितीवर विसंबून तो पैसे मोजतो. ही यादी शिळी अथवा अपुरी असेल, तर विक्रेता कितीही सचोटीचा असला तरी त्याचे वचन खोटे ठरते.

ही यादी एकाच ठिकाणी राहत नाही. मुरादाबादच्या पितळी भांड्यांच्या एखाद्या व्यापाऱ्याचे उदाहरण घेता येईल. मूळ यादी त्याच्या स्वतःच्या दुकानाच्या आज्ञावलीत असते. तिच्या प्रती मात्र गूगल मर्चंट सेंटरकडे, विक्रीच्या मोठ्या संकेतस्थळांकडे, हिशेबनिसाकडे, तसेच केंद्र शासनाच्या पुढाकाराने २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्याकडे जाऊ शकतात. मूळ यादीतून अशी प्रत काढून बाहेर पाठविण्याच्या क्रियेस संगणकाच्या परिभाषेत ‘निर्यात’ असे म्हणतात. परदेशी माल धाडण्याशी तिचा संबंध नाही. जुन्या पेढीच्या भाषेत बोलावयाचे तर ही यादीची जावक होय. आणि पेढीवर ज्याप्रमाणे जावक नोंदवही ठेवीत, त्याप्रमाणे या निर्यातीचीही नोंद ठेवावी लागते.

यादी पाचपन्नास वस्तूंची असेल, तर प्रत क्षणार्धात तयार होते आणि ती झाली की नाही हे डोळ्यांनी दिसते. वस्तू हजारोंच्या संख्येने असल्या म्हणजे प्रश्न बदलतो. एवढे काम संपेपर्यंत पडद्यासमोर थांबणे शक्य नसते. यास्तव आज्ञावली मागणी नोंदवून घेते, ती रांगेत लावते आणि काम पडद्याआड उरकते. मॅजेन्टो या प्रसिद्ध आज्ञावलीच्या अलीकडील आवृत्त्यांत निर्यात अशाच रीतीने होते. ठरावीक वेळी कामे सुरू करणारी यंत्रणा तेथे बंद असेल, तर मागणी रांगेतच पडून राहते. ‘मागणी रांगेत लावली आहे’ हा निरोप मात्र व्यापाऱ्याला मिळालेला असतो. तो निरोप म्हणजेच काम झाल्याची ग्वाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो चुकीचा आहे.

म्हणून प्रत्येक निर्यातीला एक स्थिती असते आणि ती वारंवार पाहावी लागते. शॉपिफाय या आज्ञावलीत मोठ्या निर्यातींसाठी या स्थितींची नावेच ठरलेली आहेत. क्रिया प्रथम ‘निर्मित’ होते, मग ‘चालू’ असते आणि शेवटी ‘पूर्ण’, ‘अयशस्वी’, ‘रद्द’ किंवा ‘मुदतबाह्य’ ठरते. स्थितीबरोबर किती नोंदी हाताळल्या गेल्या याचा आकडा आणि अपयश आल्यास त्याचे कारणही मिळते. तयार फाइलीचा दुवा ७ दिवसांनी निकामी होतो. अयशस्वी क्रियेची अर्धवट फाइलही कित्येकदा हाती लागू शकते. तिला पूर्ण समजून पुढे धाडणे किती धोक्याचे आहे, हे सांगावयास नको.

तथापि ‘पूर्ण’ हा शब्दही पुरेसा नाही. फाइल लिहून झाली, एवढेच तो सांगतो. समजा, मूळ यादीत ४,२०० वस्तू आहेत आणि फाइलीत ओळी ३,१०० आहेत. यंत्राच्या दृष्टीने काम पूर्ण झाले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ११०० वस्तू बाजारातून नाहीशा झाल्या. एखाद्या गाळणीची अट चुकून लागलेली राहिली, तर असे सहज घडते. म्हणून प्रत्येक निर्यातीनंतर ओळींची संख्या मूळ यादीशी आणि आदल्या दिवशीच्या फाइलीशी ताडून पाहावी. संख्या एकाएकी बरीच घटली असेल, तर फाइल रोखून धरावी आणि जुनीच प्रत चालू द्यावी, हा नियम शहाणपणाचा होय. रिकामी फाइल मुकाट्याने जुन्या फाइलीची जागा घेते, तेव्हा सारे दुकान एका रात्रीत ओस पडते.

संख्या जुळली तरी मजकूर बिघडलेला असू शकतो. अशा याद्या पुष्कळदा सीएसव्ही स्वरूपात असतात. तीत स्वल्पविरामाने रकाने वेगळे केले जातात. वस्तूच्या वर्णनातच स्वल्पविराम असेल आणि ते अवतरणचिन्हांत घातले नसेल, तर पुढचे रकाने सरकतात आणि किमतीच्या जागी भलतेच काही येते. मधाचा एचएसएन क्रमांक ०४०९ आहे. फाइल तक्त्याच्या आज्ञावलीत उघडून पुन्हा जतन केली, तर आरंभीचे शून्य गळून ४०९ उरण्याचा संभव असतो. लिपीची सांकेतिक पद्धती ओळखण्यात चूक झाली, तर देवनागरी, तमिळ वा बंगाली नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. या दोषांपैकी एकही स्थितीच्या रकान्यात दिसत नाही. दहावीस ओळी रोज वाचून पाहणे, हाच त्यावर साधा उपाय आहे.

यानंतर येते ती पोच. जावक नोंदवहीत पत्राची नोंद झाली म्हणजे ते पत्र पोहोचले असे होत नाही. गूगल मर्चंट सेंटर प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे तपासते. यादीतील किंमत आणि दुकानाच्या पानावरील किंमत यांत तफावत आढळल्यास ती वस्तू नाकारली जाऊ शकते. वस्तूची माहिती ३० दिवसांत ताजी केली नाही, तर ती आपोआप बाद होते. निर्यात पहिल्याच दिवशी बंद पडूनही तिचा संपूर्ण परिणाम महिन्याने दिसावा, असे यामुळे घडते. म्हणून देखरेख दोन्ही टोकांना हवी: किती ओळी पाठविल्या आणि त्यांपैकी किती स्वीकारल्या गेल्या.

सर्वांत फसवा प्रसंग मात्र वेगळाच आहे. काम सुरू होऊन बिघडले तर त्याची सूचना येते. परंतु काम सुरूच झाले नाही तर सूचना कोण पाठविणार? शांतता म्हणजे सर्व ठीक, असे मानणे येथे घातक ठरते. यावर उपाय असा, की यशाची वर्दी रोज ठरलेल्या वेळी आलीच पाहिजे आणि ती न आल्यास दुसऱ्या, स्वतंत्र यंत्रणेने इशारा द्यावा. पहारेकऱ्याच्या हाकेवर गाव निर्धास्त झोपते. हाक थांबली की जाग आली पाहिजे.

या साऱ्याचा भार अखेर विक्रेत्यावरच पडतो. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१८ पासून किंमत, उत्पादकाचे नाव इत्यादी तपशील संकेतस्थळावर दाखविणे बंधनकारक झाले. माल दुसऱ्याच्या संकेतस्थळावर विकला जात असेल, तर त्या तपशिलाच्या अचूकतेची जबाबदारी उत्पादक, विक्रेता वा आयातदार यांच्यावर आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनी मालाचा मूळ देश सांगणेही आवश्यक केले. निर्यातीत गळलेला एक रकाना अशा प्रकारे कायद्याचा भंग ठरू शकतो. मोठ्या कंपन्या या देखरेखीसाठी स्वतंत्र माणसे नेमतात. छोट्या व्यापाऱ्याला ते परवडत नाही. त्याने निदान तीन गोष्टी रोज एका वहीत टिपाव्यात: शेवटची यशस्वी निर्यात केव्हा झाली, ओळी किती गेल्या आणि किती स्वीकारल्या गेल्या. हे काम पाच मिनिटांचे आहे. मात्र ते कोणी करावयाचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.