प्रेरणात्मक समुपदेशन (मौखिक आरोग्य)

प्रेरणात्मक समुपदेशन ही रुग्णाला उपदेश न करता, सवय बदलण्याची इच्छा व कारणे त्याच्याच बोलण्यातून पुढे आणणारी संवादपद्धती आहे. दंतवैद्यकात तिचा उपयोग दात घासण्याची नियमितता, गोड खाण्यावरील नियंत्रण आणि तंबाखूमुक्ती यांसाठी केला जातो. दातांची कीड, हिरड्यांचे विकार आणि तोंडाचा कर्करोग यांचा दैनंदिन सवयींशी निकटचा संबंध आहे. त्यामुळे केवळ दात भरून किंवा काढून या आजारांचे मूळ नाहीसे होत नाही.

उगम

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मद्यपानाच्या समस्येवरील उपचारांच्या संदर्भात ही पद्धत मांडली. १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला. तज्ज्ञाने बदलाचा आग्रह धरला की रुग्ण सवयीची बाजू मांडू लागतो. बदलाचे कारण त्याने स्वतः उच्चारले, तर त्याचा निश्चय बळावतो, असे या पद्धतीमागील तत्त्व आहे.

स्वरूप

समुपदेशक ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर न संपणारे प्रश्न विचारतो, रुग्णाच्या प्रयत्नांची दखल घेतो, त्याच्या म्हणण्याचा आशय त्याला परत ऐकवतो आणि शेवटी सारांश सांगतो. माहिती देण्यापूर्वी तो रुग्णाची परवानगी घेतो. सवय सोडणे किती महत्त्वाचे वाटते, हे शून्य ते दहा या मापावर विचारले जाते. रुग्णाने ‘चार’ म्हटल्यास ‘दहा का नाही?’ असे न विचारता ‘शून्य का नाही?’ असे विचारतात. कारण या प्रश्नाच्या उत्तरात बदलाची कारणे येतात.

उदाहरणार्थ, मिश्री लावणाऱ्या स्त्रीशी पुढीलप्रमाणे संवाद होऊ शकतो:

: ‘मावशी, मिश्रीचा तुम्हाला काय उपयोग होतो?’
: ‘लावली नाही तर डोकं धरतं. पण आता नातही डबीत बोट घालते.’
: ‘नातीला ही सवय लागू नये, असं तुम्हाला वाटतं.’
: ‘हो ना. दुपारची तरी बंद करून बघते.’

येथे कर्करोगाची भीती घातलेली नाही. सोडण्याचे कारण आणि पहिली पायरी दोन्ही त्या स्त्रीनेच सांगितली आहेत.

महाराष्ट्रातील संदर्भ

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड म्हणजे मिश्री. दात स्वच्छ करण्याच्या निमित्ताने तिचा वापर सुरू होतो आणि पुढे तिचे व्यसन जडते. फली मेहता व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करून कर्करोग व कर्करोगपूर्व विकारांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तरीही २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते.

पुणे–अहिल्यानगर मार्गावरील कोरेगाव भीमासारख्या गावांच्या परिसरात शेतीबरोबर कारखानदारीही आहे. रात्रपाळीच्या कामगाराला तंबाखू झोप टाळण्यासाठी हवीशी वाटू शकते, तर गृहिणीला मिश्रीवाचून सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नाही. दोघांना एकच उपदेश लागू पडत नाही; म्हणून आधी विचारणे आणि ऐकणे आवश्यक ठरते.

परिणामकारकता

कॅनडातील सरे येथे फिलिप वाइनस्टीन व सहकाऱ्यांनी पंजाबीभाषक स्थलांतरित कुटुंबांतील २४० बालकांवर अभ्यास केला (२००४). सर्व मातांना माहितीपत्रक व चित्रफीत देण्यात आली. एका गटातील मातांशी त्याखेरीज प्रेरणात्मक संवाद साधून नंतर दूरध्वनीवरून पाठपुरावा केला गेला. वर्षभरानंतर या गटातील बालकांत नव्याने किडलेल्या जागांची सरासरी ०.७१, तर दुसऱ्या गटात १.९१ होती.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत (२०१७) याच तत्त्वांवर आधारित समुपदेशन प्रशिक्षित सामान्य व्यक्तींनी केले आणि ते उपयुक्त ठरले. त्यामुळे हे काम केवळ तज्ज्ञांपुरते मर्यादित नसल्याचे दिसते.

मर्यादा

मौखिक आरोग्याविषयीच्या सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. या पद्धतीसाठी प्रशिक्षण, वेळ व पाठपुरावा लागतो. समुपदेशन हा उपचाराला पर्याय नव्हे: तीव्र वेदना किंवा सूज असल्यास आधी उपचार करावे लागतात. दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा किंवा तोंड कमी उघडणे ही लक्षणे दिसल्यास दंतवैद्याकडून तातडीने तपासणी करून घेणे आवश्यक असते.